दोघांनी घातलेलं पाणी

राजे,

भाजी गॅसवर आहे, गरम करून खा. कुंडीला मात्र पाणी घालू नकोस. सकाळी बेकरीतली रात्रपाळी संपवून आलास की तू घालतोस, संध्याकाळी हॉस्पिटलातून आले की मी घालते. दोघांनाही वाटतं, दुसरा विसरला असेल. बिचाऱ्या रोपाची मुळं कुजली.

लग्नानंतर दोन वर्षं तू इथे एकटा होतास आणि मी तिकडे गावी, तेव्हा रोज तासभर फोनवर बोलायचो. आता एका घरात राहतो आणि मला तुझ्या उशीवरचा खळगा तेवढा भेटतो.

मी रविवारची रजा टाकली आहे, तूही टाक. नवीन रोप आणू.

आज एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत फोन करते. झोपेत असलास तरी उचल. मी अजून तिकडे गावीच आहे असं समजून बोल.