सांगाड्यापुढं नेत्रा

अण्णा,

पहिल्या बसनं माझ्या घरी चिटगुप्प्याला निघाले. लेकरं थकून झोपलीत, उठवू नको. भाकरी करून ठेवलीय.

सोळाची नेत्रा आन पाचाचा सिद्धू, दोघांना एकच शहर कसं आवडंल म्हणत तू हैदराबादला आलाच न्हाईस, मग मीच त्यांना घेऊन गेले. म्युझियममधी डायनासोरचा छताला टेकलेला सांगाडा बघत दोघंबी मान वर करून उभी राहिली. मग सिद्धूनं नेत्राला विचारलं, "अक्का, ह्याची आई कुठं हाय?"

वहिनी गेल्यापासून घरात तो शब्द कुणी काढत न्हाई.

नेत्रा त्याच्यापाशी बसली आन म्हणाली, "ती लवकर गेली. तरी बघ, हा केवढा मोठा झाला!"

एवढा सांगाडा समोर असून मी तिच्याकडंच बघत राहिले.

आता दोघं म्हैसूरचा बेत करायलेत. ह्या वेळी तू बी जा. वाटंत त्यांच्यापुढं वहिनीचं नाव घे, अण्णा. ती ऐकतील.

शैला