डब्यात पाणीच नव्हतं

शनिवार, संध्याकाळ. मालपे.

उद्या धाकट्या भावाला, सागरला, छोट्या होडीनं समुद्रातल्या समोरच्या बेटावर न्यायचं ठरलं होतं. वाटेत काय झालंच तर असावा म्हणून मी डबा भरला. बॅटरी, शिट्टी, दोरी, प्लॅस्टिकात गुंडाळलेली काडीपेटी, चिरमुरे. लई हुशारीनं भरला असं वाटत होतं.

होडीवाल्या आण्णानं डबा उघडला. "पाणी कुठाय रं?"

मी म्हटलं, "होडीखाली एवढं हाय की!"

आण्णा हसला न्हाय. "इंजिन बंद पडून वाहत गेलास तर हे खारं पाणी पिणार व्हय? भावालाबी हेच पाजणार?"

गावाकडं सदलग्याला दूधगंगेत नावेतनं ओंजळ घातली की झालं, तिथं तहानेची कसली काळजी? इथं बर्फाच्या कारखान्यात राबतोय, समुद्र रोज दिसतोय, पण डोक्यात नदीच. पाणी कसं सुचलं न्हाय मला? पाणी!

आता कॅन भरून ठेवलाय. पण आणखी कायकाय ठाऊक न्हाय मला, ते कोण सांगणार? उद्या सागरला नेत न्हाय. तोंड फुगवून बसंल. बसू दे.