शुभदाचं नवं लॉगिन

शुक्रवार, संध्याकाळ

दुपारी एक कळ दाबायला धजत नव्हते आणि आता हसू आवरत नाही.

शुभदा आमच्या कणकवलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. घटस्फोटाचा कागद हातात पडल्यावर ती आज थेट माझ्या संगणक विभागात आली. "सर्व्हरवर अजून घोवाचाच आडनाव आसा. माका माझा होया गो."

लॉगिनचं नाव बदलणं म्हणजे सर्व्हरला द्यायच्या युजरमॉड या आज्ञेची एकच ओळ. पण त्याच ओळीने तिचं फोल्डरही नव्या नावाखाली हलणार होतं, आणि त्यात तिच्या खेकड्यांवरच्या संशोधनाच्या सात वर्षांच्या नोंदी! बॅकअप घेतला होता, मग एंटर दाबायला मी एवढी का घाबरले? ओळ चार वेळा वाचली.

दाबलं, तर सर्व्हरने नकारच दिला. हा युजर अजून आत आहे म्हणे! शोधलं, तर शुभदाच सकाळपासून स्टाफरूममधल्या संगणकावर जुन्या नावाचं लॉगिन तसंच उघडं ठेवून आलेली.

"अगो, आधी थंयसून भायर पड!" मी म्हटलं. ती पळत गेली, लॉगआउट करून धापा टाकत परत आली.

पुन्हा एंटर. या वेळी तक्रार नाही. तिने माहेरच्या नावाने लॉगिन करून फोल्डर उघडलं.

"खेकडे आहेत ना?" मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"सगळ्यो कुर्ल्यो आसत गो!" तिने मला मिठीच मारली. मग खुर्ची ओढून नवी नोंद लिहायला बसली. निघताना मी हाक मारली, तर मान वर न करता म्हणाली, "तू जा. माका येळ लागतलो."