ठमीच्या कागदावरची सही

डोंबिवली पूर्व,
११ नोव्हेंबर २०२४

ती. सरोजताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार कागदावरच साष्टांग घे, प्रत्यक्षात कमरेपर्यंतच होतो. फोनवर मी तुला निम्मा ऐकू येतो आणि उरलेला निम्मा तू मनाने रचतेस. ठमीच्या बाबतीत तसं चालणार नाही, म्हणून हे पत्र.

मालन गेल्यावर माझ्यासारख्या विधुराच्या घरात कुणाचा तरी वावर हवा, म्हणून जुलैत तू टिटवाळ्याच्या मैत्रिणीकडून हे लॅब्रॅडोरचं पिल्लू आणून माझ्या मांडीवर ठेवलंस. वावर मिळाला. सोबत एक बिघडलेला खुबाही मिळाला. महिनाभर ती पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलायची आणि मी ते सोसायटीभर कौतुकाने दाखवत होतो. आमच्या डॉ. क्षिप्राने एक्स-रे काढला तेव्हा कळलं, ती गंमत नव्हती, तिला दुखत होतं. उजव्या खुब्याची वाटी उथळ राहिली आहे. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात ठरत नाही.

डॉक्टर म्हणते, ऑपरेशन करून तो गोळाच काढायचा. मग आजूबाजूचे स्नायू हाड धरून ठेवतात. वय कमी आहे तोवर चांगलं सावरेल. नाहीतर दुखण्याच्या गोळ्या, वजनावर ताबा आणि वाट पाहणं. संमतीचा कागद घरी आणलाय. शेजारच्या त्र्यंबकरावांनी तिळाचं तेल सुचवलं आहे, पण ते सर्दीलाही तेच सुचवतात.

माल परत घ्यायची सोय असल्यास कळव. नसल्यास लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर आणखी एखादं पिल्लू येईल.

तुझा,
विश्राम


ठाणे,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. विश्रामला अनेक आशीर्वाद, ठमीला त्याहून दोन जास्त.

माल परत घेतला जात नाही. तू जन्मलास तेव्हा तुझे कान दोन वेगळ्या दिशांना होते, तरी आईने तुला ठेवून घेतलंच ना.

श्रियाने मला तिच्या मोबाईलवर ठमीचे फोटो दाखवले. माझी नात आजवर मला दुखावेल असं बोलली नाही, पण तीही म्हणाली की आजी, हे पिल्लू आहे की उशी. तुझ्या चहाबरोबर तिला किती बिस्किटं मिळतात ते खरं लिही. खोटं लिहिलंस तर मला कळतं, तुझं अक्षर तेव्हा फार सुबक येतं.

माझं मत विचारशील तर ऑपरेशन कर. सात महिन्यांची पोर आहे. दहा-बारा वर्षं दुखत दुखत काढायला लावू नकोस. सही करून टाक आणि दिवस कळव.

लोभ वाढवणारच, तू नको म्हणालास म्हणून तर नक्कीच.

सरोजताई


डोंबिवली पूर्व,
२९ नोव्हेंबर २०२४

ती. सरोजताईस,

सा. न. वि. वि. बिस्किटं चार होती, आता शून्य. माझीही बंद झाली, कारण ती समोर बसून बघते. वजन दीड किलो उतरलं, तिचं.

ऑपरेशनचं म्हणशील तर घाई नको असं मला वाटतं. एक म्हणजे थंडी सुरू झाली आहे. दुसरं, गोळ्यांनी तिला बराच आराम आहे. तिसरं, दुसऱ्या एका डॉक्टरांचं मत घ्यावं म्हणून कल्याणला जाऊन आलो. तेही ऑपरेशनच म्हणाले, पण फार आग्रहाने म्हणाले नाहीत. शिवाय त्यानंतर दीड-दोन महिने रोज पायाचे व्यायाम करून घ्यायचे असतात, ते मला जमतील की नाही कोण जाणे.

परवा टॉवेलने पुसताना माझा हात तिच्या खुब्याला लागला तर ती माझ्यावर दात विचकून गुरगुरली. लगेच ओशाळली आणि अर्धा तास माझा हात चाटत बसली. तेवढं सोडलं तर बरी आहे.

माया असू दे.

विश्राम


ठाणे,
५ डिसेंबर २०२४

चि. विश्राम,

आशीर्वाद आहेतच. अक्षर फार सुबक आलं आहे.

तू इतकी कारणं लिहिलीस, त्यात ठमीचं एकही नाही. तुझ्या बोटाला जी कधी दात लावत नाही ती पोर गुरगुरली, हे तू शेवटी दोन ओळींत उरकलंस. मी तुझी थोरली बहीण आहे, शेवटच्या ओळी आधी वाचते.

तो कागद बघितला की तुला दुसरा कागद दिसतो, हे मला माहीत आहे. मालनच्या हृदयाच्या ऑपरेशनचा. तिला आत नेलं आणि ती परत आली नाही, आणि खाली सही तुझी होती. तीन वर्षांत तू हे एकदाही बोलला नाहीस. पण त्या सकाळी तू मला फोन करून विचारलं होतंस, करू का सही. मी कर म्हटलं. तेव्हा मला नीट ऐकू यायचं, विश्राम. तुझा आवाज कापत होता तेही ऐकलं आणि तरी कर म्हटलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की न करता ती दोन-तीन महिनेच काढेल. म्हणून तू केलीस, म्हणून मी सांगितलं. ती सही तुझ्या एकट्याची नव्हती. मीही ती तीन वर्षं बाळगून आहे. तुला सांगायला घाबरत होते, आज सांगितलं.

ठमीचं तू ठरव. मी पुन्हा कर म्हणणार नाही. नाही केलंस तरी तिला आणि तुला तितकीच माझी माया.

सरोजताई


डोंबिवली पूर्व,
९ फेब्रुवारी २०२५

ती. सरोजताईस,

सा. न. वि. वि. डिसेंबरात ऑपरेशन झालं हे श्रियाने तुला सांगितलंच. बाकीचं मीच लिहीन म्हणून तिला गप्प राहायला लावलं होतं. तुझं पत्र मी पाच-सहा वेळा वाचलं आणि कागद घेऊन क्षिप्राकडे गेलो. तिच्या टेबलावर सही करताना हात थांबला. तिने विचारलं, काका, पाणी देऊ का. मी तिला मालनचं सांगितलं. कोणाला तरी पहिल्यांदाच सांगितलं, तेही आमच्या कुत्र्याच्या डॉक्टरला. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, की भूल देताना ठमी झोपेपर्यंत तुम्ही तिच्याजवळ थांबा. मालनच्या वेळी मला दाराबाहेरच थांबावं लागलं होतं. या वेळी ठमीचं डोकं माझ्या तळहातावर जड होत गेलं, तिथपर्यंत मी होतो.

दोन तासांनी तिला बाहेर आणलं. डोळे उघडून तिने पहिलं काम केलं ते म्हणजे माझ्या चपलेवर ओकली. मी रडलो आणि चप्पल धुतली. क्षिप्रा म्हणते असा मालक तिने पाहिला नव्हता.

व्यायाम जमले. रोज तीनदा पाय हळूहळू पुढे-मागे, आधी ती कुरकुरायची, आता व्यायामाच्या वेळी स्वतःच येऊन आडवी पडते. चालीत थोडी लचक राहील असं डॉक्टर म्हणते. राहू दे. काल पहिल्यांदा ती आपणहून जिना चढली. मला वाटलं होतं, मलाच तिच्यासाठी थांबावं लागणार. अर्ध्यावर वळून तिने खाली बघितलं आणि मी कठड्याला धरून पोहोचेपर्यंत शेपटी हलवत थांबली.

ताई, त्या सकाळी तू कर म्हणाली नसतीस तरी मी सही केली असती. एवढं तुला सांगायचं राहिलं होतं. आता तूही ते सोडून दे.

तुझा धाकटा,
विश्राम