काळ्या घरांचा उंट

खमीस मुशैत, सौदी अरेबिया
शुक्रवार, ८ एप्रिल २००५

श्री. बाळाराम सुर्वे, देवरुख, यांस
स. न. वि. वि.

मी इकडे मजेत आहे. आपणही असालच.

हवा थंड आहे. सौदी म्हटलं की लोकांना फक्त वाळू दिसते, पण आमच्याकडे डोंगर आहेत, धुकं आहे आणि माकडंही आहेत. मागच्या शुक्रवारी हॉस्पिटलच्या सहलीत एका माकडानं माझा जेवणाचा डबा पळवला. मी अर्धा डोंगर त्याच्यामागे धावून तो परत मिळवला. एक चप्पल गेली. एका डब्यासाठी एवढं काय, असं सगळे विचारत होते. असो.

अर्चनाला सातव्या महिन्यात आपण माहेरी नेलंत, त्याबद्दल आभार. तिच्या पायांवर सूज येते, तेवढं पाहावं.

आता मुद्द्याचं. २००१ सालच्या आमच्या दिवाळसणाला आपल्या ओटीवर जो डाव झाला, तो आपण विसरला नसाल. माझ्याकडे राजा, उंट आणि अगदी डाव्या कडेचं प्यादं. आपल्याकडे नुसता राजा, तोही त्या प्याद्याच्या वाटेवरच्या कोपऱ्यात. त्यावर आपण म्हणालात, "जावईबापू, बरोबरी." ज्याच्याकडे काही उरलं नाही, त्यानं बरोबरी म्हणावं? आपण हार कबूल केल्याशिवाय या घराची पायरी चढणार नाही, असं मी सर्वांसमक्ष बोललो, आणि गेल्या सप्टेंबरात रजेवर आलो तेव्हाही शब्द पाळला.

आता शास्त्रीय निकाल हाती आला आहे. इथल्या बाजारात मी बुद्धिबळाच्या प्रोग्रामची सीडी घेतली. तीच मांडणी त्याला दिली. उत्तर: माझी बाजू ५.८ गुणांनी वरचढ. छापील कागद सोबत जोडला आहे. आपण "हरलो" एवढंच लिहून पाठवावं, म्हणजे मी बारशाला यायला मोकळा.

आपला,
श्रीकांत वि. साळवी
एक्स-रे टेक्निशियन


खमीस मुशैत
१३ मे २००५

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. दोनच ओळी: "यंत्राला म्हणावं, मग जिंकून दाखव. माझा राजा कोपऱ्यात बसला आहे. अर्चनाची सूज उतरली." शेवटच्या वाक्याबद्दल मनापासून धन्यवाद.

पहिल्या वाक्याबद्दल सांगायचं तर थोडी तांत्रिक अडचण आली आहे. यंत्र जिंकतंय, पण डाव संपत नाही. उंट इकडून तिकडे, तिकडून इकडे. प्रत्येक चालीला पडद्यावर ५.८. पन्नास चाली झाल्या की स्वतःच 'बरोबरी' जाहीर करतं, आणि नवा डाव लावला की पुन्हा ५.८! इतका आत्मविश्वास मी आमच्या मोठ्या डॉक्टरांतही पाहिला नाही.

यंत्र स्वतःशीच खेळून फसतंय असं वाटून मी समोर माणूस बसवला. हाजराबाई, आमच्या वॉर्डच्या हेड नर्स, रत्नागिरीच्या. बुद्धिबळातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. मी सांगितलं, हा राजा, हा कोपरा, याच्या आसपासच राहायचं. बाईंनी एका हातानं चहा पीत, दुसऱ्या हातानं औषधांची यादी तपासत यंत्राला तीनदा रोखलं. चौथ्यांदा म्हणाल्या, "श्रीकांतभाऊ, तुमचं यंत्र जिंकायला आलंय की बसायला?"

मी म्हटलं, यंत्र थोडं जुनं आहे.

त्यांनी आणखी एक विचारलं. माझा रजेचा अर्ज टेबलावर तसाच पडून आहे, कारणाचा रकाना कोरा. जूनची रजा हवी तर महिनाअखेर सही झाली पाहिजे, नाहीतर थेट सप्टेंबर. "कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, निकालाची. त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, की त्या नजरेच्या धाकानं पेशंट कडू गोळ्या चघळून खातात.

आईंना नमस्कार.

आपला,
श्रीकांत साळवी


खमीस मुशैत
१४ जून २००५

तीर्थस्वरूप अण्णा,
शिरसाष्टांग नमस्कार.

मुलगी झाल्याचा फोन अर्चनानं शनिवारी केला तेव्हा मागे तुमचा आवाज येत होता. "अगो, त्यांना सांग, नाक सुर्व्यांचं आहे." अर्चनानं विचारलं, अण्णांशी बोलता का? मी म्हटलं, पेशंट आलाय. पेशंट नव्हता.

यंत्राचा निकाल आधी सांगतो, तो सोपा आहे. आमच्या कॉम्प्युटर विभागातल्या रूपेशनं नवा प्रोग्राम आणला. त्यात शेवटांची कोष्टकं आहेत. पटावर थोड्या सोंगट्या उरल्या की कुठल्या मांडणीत कोण जिंकतं, हे कुणीतरी शेवटापासून उलटं मोजत कायमचं काढून ठेवलंय. यंत्राला विचार करायचा नाही, नुसता पाढा म्हणायचा. आपली मांडणी घातली. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर: शून्य, कुणीच वरचढ नाही. रूपेशनं समजावलं, "दादा, तुमचा उंट काळ्या घरांतनं चालतोय आणि कोपरा पांढरा. जन्मभर फिरला तरी त्या राजाला तिथनं हाकलायचा न्हाई." जुना प्रोग्राम सोंगट्या मोजायचा. कोपऱ्याचा रंग त्याच्या हिशेबातच नव्हता.

हे तुम्ही मला तेव्हाच सांगितलं होतंत, तेही एसटीच्या कंट्रोलरच्या भाषेत: "गाडी भरलीय, डिझेल आहे, ड्रायव्हर पण आहे. पण घाट बंद आहे, जावईबापू." सगळे हसले. मीही हसलो असतो, अण्णा. पण तेव्हा मला नोकरी जाऊन आठ महिने झाले होते. भरलेली गाडी, बंद घाट, मला वाटलं माझ्यावरच बोललात. तुमच्या जेवणावळीत बसायची लाज वाटत होती, त्यात निदान पटावर तरी मी वरचढ होतो. तेवढंही तुम्ही काढून घेतलंत, असं वाटलं. म्हणून रुसलो. जावयाचा रुसवा दोन तासांचा असतो, मी साडेतीन वर्षं ताणला.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, अर्चनालाही नाही. त्या दुपारी मी पाय आपटत स्टँडवर पोचलो तेव्हा रत्नागिरी गाडीची वेळ टळून गेली होती, तरी गाडी उभी. कंडक्टर म्हणाला, "कंट्रोलर साहेबांचे जावई ना? चढा लवकर, तुमच्यापायी दहा मिनिटं लोकांच्या शिव्या खातोय." आणि हातात डबा ठेवला. झाकणावर तुमचं नाव कोरलेलं. हातखंब्यापर्यंत मी त्याला हात लावला नाही. पुढे सगळा संपवला. करंज्या मोडल्या होत्या, पण आईंच्या हातच्या होत्या.

माकडानं पळवला तो हाच डबा. तो मी रोज नेतो. धावताना चप्पल गेली, त्याचं काहीच वाटलं नाही. झाकणाला आता एक पोचा आहे, तुमच्या 'बाळाराम'मधल्या 'रा'वर. त्याची माफी वेगळी मागतो.

रजेच्या अर्जावर सही झाली. ती कशी, तर हाजराबाईंनी मे महिन्यातच कारणाच्या रकान्यात स्वतः लिहून टाकलं: 'मुलीचं बारसं'. मुलगी हे त्यांना कसं कळलं, विचारू नका. हे पत्रही त्याच आणतायत. उद्या त्या घरी निघाल्या आहेत.

रिकामा डबा परत करू नये म्हणतात. इतकी वर्षं त्यात काय घालून द्यावं, ते सुचत नव्हतं. आता मदिनेचे खजूर भरले आहेत. वीस तारखेला जेद्दाहून निघतो, एकवीसला देवरुखात. बावीस तारखेच्या बारशाला मी हजर. पायरी मीच चढेन, कुणी न्यायला येऊ नका.

या खेपेला गाडी थांबवून धरावी लागणार नाही. वेळेवर येतो.

बरोबरी मान्य.

तुमचा जावई,
श्रीकांत