शाळेतला नाताळ

आई, मुरगूडच्या अलीकडं रस्त्याकडेला बसलोय. टेम्पो बंद पडलाय, मागं गुळाच्या ढेपा आहेत आणि मुंग्यांना माझा पत्ता लागलाय. मेस्त्री गारगोटीहून यायचाय. नाहीतर मी एका जागी बसून लिहिणारा नव्हे, तुला माहीतच आहे. आता टेम्पो चालवतो, त्याआधी गोव्यात हॉटेलात होतो, त्याआधी... ते राहू दे.

महापुराचं सांगायचंय. घर पत्र्यापर्यंत पाण्यात गेलं आणि आपण शाळेच्या वर्गात, फळ्याखाली मुक्काम टाकला. तू ट्रंकेत बायबल आणि गीतांचं पुस्तक आणलंस, माझे दाखले विसरलीस. मी त्यावरून धुसफुसत होतो. तिसऱ्या दिवशी खिचडीच्या रांगेत तू एकदम नाताळचं गीत म्हणायला लागलीस. भर श्रावणात! पुढची बाई वळून म्हणाली, "अवं मावशी, घर बुडालं आन् गाताय व्हय?"

"घर बुडालंय, गळा न्हाय. आमचा येशू गोठ्यात जन्मला बाई, आपण तर पक्क्या छपराखाली हाय की!"

पहिलं कडवं संपवून तू दुसरं धरलंस. मी तुझा दंड धरला. "गप की आई, लोकं हसत्यात." तू गप्प झालीस. ओळीच्या मधेच.

त्यानंतर माझ्यासमोर तू कधी गायली नाहीस. चर्चमध्ये मी शेजारी असलो की नुसते ओठ हलायचे. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस, मी गोव्याहून पोचलो तेव्हा पेटी झाकलेली होती. पाळकसाहेबांनी विचारलं, आईंच्या आवडीचं गीत कुठलं? मला ठाऊक होतं. पण मातीला नाताळचं गीत कसं सांगायचं? "म्हाईत न्हाय," म्हणालो.

तेव्हापासून ती अर्धी ओळ माझ्या मागं आहे. इंजिनाच्या आवाजात येते, नळाच्या पाण्यात येते आणि तिथंच तुटते. प्रार्थनेला जायचं मी सोडून दिलं होतं. त्या ओळीनंच मला परत ओढत नेलं, निदान शेवटच्या बाकापर्यंत.

आज गाडी बंद पडली, शिवी द्यायला तोंड उघडलं आणि बाहेर पहिलं कडवं आलं. उसाचा भारा घेऊन चाललेला एक बाबा थांबला. "काय पावणं, गाडी बंद आन् गाणं चालू?"

"गाडी बंद हाय, गळा न्हाय," मी म्हणालो.

तो हसत गेला. माझ्या छातीतलं काहीतरी सैल झालं. तू म्हणायचीस तो प्रभूतला आनंद हाच असेल, तर तो फार शांत असतो गं, भीती वाटावी इतका. दुसऱ्या कडव्याला मात्र आवाज थांबला. वाटलं, मागं ढेपांवर बसून तू नुसते ओठ हलवतेयस. मी वळून बघितलं नाही.

मेस्त्री आला. हा कागद तुझ्या गीतांच्या पुस्तकात, त्याच पानावर ठेवतो. एकच सांगायचं राहिलं. त्या दिवशी खिचडीच्या रांगेत कोणीही हसत नव्हतं. ती पुढची बाई ताटलीवर बोटांनी ठेका धरत होती.