शेवटची चित्रकर्ती

सिरिगू, २ मार्च

चि. अयिम्पोका हिस अ. उ. आ.

तुझ्यावर लेख आलेलं मासिक बसड्रायव्हरने पोचवलं. फोटोत काय ऐटीत बसली आहेस, कॉम्प्युटरशी लग्न लागल्यासारखी! पण मथळा वाचून दाखवला आणि आईचा चेहरा उतरला. 'भिंती रंगवणाऱ्या बायकांतली शेवटची' म्हणे. मासिक गावभर फिरलं.

दरवर्षी पावसाआधी बायका आईबरोबर आपली भिंत रंगवायला येतात. यंदाही आईने ज्वारीची बिअर गाळली, रंग टिकावा म्हणून दवादवाच्या शेंगा उकळल्या. कोणी फिरकलं नाही. असाकियामावशी हापशावर चारचौघींत म्हणाली, की आम्ही मेलो ना, आता त्या शेवटचीलाच बोलवा. आई बाजारात जायची बंद झाली आहे. असं का गं बोललीस?

उत्तराची वाट पाहते.
तुझी ताई, अवेनी

अक्रा, ११ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

मी तसं बोलले नाही. लेख लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, गावात आणखी कोण रंगवतं? मी गप्प बसले. तेवढंच माझं पाप.

दहा वर्षं स्क्रीनवर आपली नक्षी काढतेय, कुत्रं विचारत नव्हतं. त्या एका शब्दाने जर्मनीतलं प्रदर्शन मिळालं. 'शेवटची' काढलं तर तुझ्यात पाहण्यासारखं काय उरतं, असं संपादकांनी तोंडावर सुनावलं. तरी काल दुरुस्ती पाठवली. आपल्या भिंतीवर येणाऱ्या एकेकीचं नाव आठवून लिहिलं. छापलं तर प्रदर्शन गेलं. फार भीती वाटते. आईला सांभाळ.

रागावलीस तरी लोभ ठेव.
अयिम्पोका

सिरिगू, ९ एप्रिल

चि. अयिम्पोका हिस अ. उ. आ.

दुरुस्ती छापलेला अंक मिळाला. सोबतच्या चिठ्ठीत प्रदर्शन गेल्याचं वाचून जीव तुटला गं.

बायका आल्या. असाकियामावशीने स्वतःचं नाव तीनदा वाचायला लावलं आणि भांडण झालंच नव्हतं अशा थाटात बिअरचा भोपळा पुढे ओढला. दोन दिवसांत भिंत झाली.

सगळ्या गेल्यावर आईने यादी पुन्हा वाचायला सांगितली. अकरा नावं. येणारी एकही सुटलेली नाही. घरची बाई काही कुठून येत नाही, म्हणून आईचं नाव त्यात नाही. मी शेवटच्या नावाशी थांबले. ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, बरं झालं, पोर कोणाला विसरली नाही.

लोभ आहे, तो आटणार नाही.
तुझी ताई, अवेनी